गुरूची पारख

दुसऱ्या गुरूनंही ताईंच्या नवऱ्याची डोकेदुखी सात मिनिटांत घालवली.

"तीन म्हटलं की डोळे उघडायचे," गुरू म्हणाला. नवऱ्यानं डोळे उघडले, मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली आणि म्हणाला, "थांबलं की हो." गुरूनं ताईंकडे असं पाहिलं, की जणू आता प्रवेशाच्या फॉर्मवर सही तेवढी राहिली. त्याच्या मागे भिंतीवर सोनेरी चौकटीत अकरा प्रमाणपत्रं होती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सात दिवसांत संमोहनतज्ज्ञ'. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ताईंनी फॉर्म पर्समध्ये कोंबला आणि जिना उतरता उतरता मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली.

डोकेदुखी हे सोंग होतं आणि ते ताईंनी रचलं होतं.

दातांच्या दवाखान्यात त्या अठरा वर्षं मदतनीस होत्या. पेशंटपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. खुर्चीत बसायच्या आधीच घामाघूम झालेली माणसं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. त्या खांद्यावर हात ठेवत, हळू बोलत, माणूस जरा सैल पडे. मग ड्रिलचा आवाज सुरू होई आणि सगळं मुसळ केरात. म्हणून त्यांना संमोहन शिकायचं होतं. डॉक्टरांनी कबूल केलं होतं, "नीट शिकून या, घाबरणारे पेशंट तुमच्या हवाली करतो. पण अर्धवट शिकून आलात तर खुर्चीजवळ फिरकू देणार नाही." त्यामुळे गुरू चुकून चालणार नव्हतं.

पारखायची रीत ताईंना दवाखान्यानंच शिकवली होती. एक्स-रे काढल्याशिवाय दात नुसता बधिर करून पेशंटला घरी पाठवायचं नाही. ठणका थांबतो, पेशंट खुशीत जातो आणि आत पू वाढत राहतो. का दुखतंय हे न विचारता जो दुखणं घालवतो, तो गुरू आपल्या कामाचा नाही, हे त्यांनी पक्कं केलं होतं.

"तुम्ही फक्त डोकं दुखतंय म्हणायचं," त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं. "काही विचारलं तर तुमचं तुम्ही रचा. गेलं का म्हणाले की हो म्हणून टाकायचं."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. मुलखाचा अबोल माणूस. त्याला सोंग जमेल का, अशी ताईंना शंका होती. पण तो लगेच तयार झाला. तसंही दुकानात हल्ली त्याचं काम कमीच होतं. मनगटी घड्याळं तो परत पाठवायचा आणि भिंतीवरची तेवढी घ्यायचा. वय झालं की माणूस आळशी होतो, अशी ताई त्याची चेष्टा करत.

पहिल्या गुरूनं त्याच्या नाकासमोर साखळीचं घड्याळ हलवलं होतं. "ते बंद होतं गं," एवढंच नवरा बाहेर येऊन म्हणाला होता. ताई रस्ताभर हसल्या होत्या.

तिसऱ्या गुरू म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक बाई. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि भिंतीवर काहीही नाही. त्यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता आणि वर्षाला त्या तीनच विद्यार्थी घेत. त्यांनी नवऱ्याला डोळे मिटायला सांगितलं नाही. खुर्ची जवळ ओढून त्या समोर बसल्या.

"कधीपासून दुखतंय?"

"तीन महिने झाले."

"दिवसभर?"

"सकाळी जास्त. उठल्या उठल्या."

"उलटी होते?"

"दोनदा झाली."

"एकाच्या जागी दोन दिसतात?"

"कधी कधी घड्याळाला चार काटे दिसतात," तो म्हणाला.

ताईंनी ओठ दाबून हसू आवरलं. एवढं तपशीलवार तर त्यांनाही सुचलं नसतं. इतक्या वर्षांच्या संसारात हा गुण कुठं दडवून ठेवला होता, कोण जाणे.

बाई उठल्या आणि टेबलाशी जाऊन चिठ्ठी लिहू लागल्या. "मी यांना संमोहन देणार नाही," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या डॉक्टरांकडे आजच जा. कारण कळल्याशिवाय मी कुणाचं दुखणं झोपवत नाही."

"आणि माझ्या प्रवेशाचं?" ताईंनी विचारलं.

"आधी यांचं होऊ दे. मग या."

रस्त्यावर आल्यावर ताईंना जग जिंकल्यासारखं वाटलं. हव्या होत्या तशा बाई मिळाल्या होत्या. दोन वर्षं तर दोन वर्षं. आपली पारख कधी चुकायची नाही, हे त्यांना आता कुणी वेगळं सांगायला नको होतं.

"ठरलं," त्या म्हणाल्या. "शिकायचं ते यांच्याकडेच. उद्या येऊन सगळं खरं सांगते आणि माफी मागते." कोपऱ्यावरच्या कचरापेटीपाशी थांबून त्यांनी ती चिठ्ठी फाडायला घेतली.

नवऱ्यानं त्यांचा हात धरला. "फाडू नकोस."

"अहो, संपलं आता सोंग. उतरवा."

त्यानं चिठ्ठी हळूच त्यांच्या बोटांतून सोडवली, घडी घालून खिशात ठेवली.

"सोंग मी केलं," तो म्हणाला, "पण डोकं दुखण्याचं नाही. त्या दोघांकडे बरं वाटल्याचं केलं."