पान्यावरचं ग्रीस

खंडेनवमीच्या पूजेसाठी सुलभाताई पाना पुसायला गेल्या, तर त्यावर ताजं ग्रीस. इतक्यात दारातली लाल स्पोर्ट्स कार बोलली, "माझे ब्रेक घरी कोणी बदलले? बदलणाऱ्याचा गाडी चालवण्याचा परवाना जन्मभरासाठी रद्द होईल."

"आई, घाटात ब्रेक लागेनात गं! कंपनी तक्रार ऐकतच नव्हती," मृदुला कुजबुजली. शर्यतीवाचून तिला दुसरं जगच नव्हतं.

बावीस वर्षं सुलभाताईंनी खोटं न बोलण्याचा नेम पाळला होता. त्यांनी देव्हाऱ्याकडे एकवार पाहिलं, पान्यावरचं ग्रीस बोटांना फासलं आणि गाडीच्या डोळ्यापुढे हात धरला.

"मीच बदलले."

"नोंद झाली," गाडी म्हणाली.

हात स्वच्छ धुऊन त्या पूजेला बसल्या. पण ते हात काही केल्या जोडवेनात.