मॅनेजरसाहेबांचा भोंगा

गोल्फ क्लबच्या मॅनेजरसाहेबांची जुनी गोल्फ कार्ट माझ्या वर्कशॉपला आली, तेव्हा तिचं वायरिंग पार कुजलं होतं. रिव्हर्सचा भोंगा तर पुढे जातानाही केकाटायचा.

"हा भोंगा ऐकला की सगळे माळी लगेच कामाला लागतात," साहेब वैतागून म्हणाले. "मी आलोय हे कुणाला कळताच कामा नये, अशी गाडी करून द्या. एकेकाला झोपेत पकडतो!"

मी जीव ओतून काम केलं. नव्या वायरी, नवी बॅटरी, नवा कंट्रोलर. भोंग्याची तर वायरच काढून टाकली. गाडी मांजराच्या पावलांनी चालायला लागली.

आठवडा उलटायच्या आत साहेब पडलेल्या चेहऱ्याने परत दारात हजर.

"तो भोंगा पुन्हा जोडा. पुढे जातानाही वाजला पाहिजे, पहिल्यासारखाच."

"का हो साहेब? सगळेच झोपा काढताना सापडले की काय?"

"झोपतंय कोण! मान मोडून काम करतात हो बिचारे..."




"पण काम करताना माझ्याबद्दल काय काय बोलतात, ते आता सगळं ऐकू येतं."