स्वच्छ प्रत

लेक चहा टाकायला आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला आणि रेकॉर्डिंगमधले म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "हे जे कोणी टाइप करतंय... बाई आहात की बुवा, माहीत नाही. पण जरा तुमच्याशी बोलायचंय."

टायपिस्ट बाईंची बोटं जागच्या जागी थांबली. चौदा वर्षं त्या आपल्या घरी एकट्या बसून लोकांची बोलणी टाइप करत होत्या. मुलाखती, व्याख्यानं, बैठका, बैठकांमधली भांडणंसुद्धा. हेडफोनमधून आजवर त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं.

हे काम घेताना त्यांनी या गृहस्थांच्या लेकीला नेहमीचा प्रश्न विचारला होता. जसंच्या तसं हवं, की स्वच्छ? जसंच्या तसं म्हणजे खोकला, अडखळणं, मधले आवाज, सगळं आलं. स्वच्छ म्हणजे नुसता मजकूर.

"स्वच्छच करा," लेक म्हणाली होती. "बाबांच्या आठवणींचं पुस्तक करून नातवंडांना द्यायचंय. त्यांचं 'म्हणजे' आणि 'आपलं हे' कोण वाचत बसणार?"

बाबांची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. दर रविवारी लेक यायची, विचारायची आणि ते सांगायचे. बावीस फायली टाइप होऊन गेल्या होत्या. ही तेविसावी.

"मला दिसत नाही हो," ते म्हणाले. "चार महिने झाले. उजेड तेवढा कळतो. ती तासभर येते, तेवढ्यापुरतं निभावून नेतो. सांगितलं तर नोकरी सोडून इथे येऊन बसेल. तोंडाने सांगवत नाही. कागदावर आलं तर वाचेल. नाही आलं तर... तुम्ही बघा."

ते आणखी थोडं बोलले. मग दार उघडलं.

"कुणाशी बोलत होतात, बाबा?"

"छे! घसा खाकरत होतो."

स्वच्छ प्रतीत यातलं काहीच बसत नव्हतं. बाईंनी ते गाळून पाहिलं. पान छान दिसत होतं. त्या पानावर म्हातारा अगदी मजेत होता.

बाईंनी जुन्या फायली पुन्हा उघडल्या आणि कानात प्राण आणून ऐकल्या. सातव्या फायलीपासून सुरुवात होती. पेला शोधत टेबलावर फिरणारा हात. बशी फुटल्याचा आवाज आणि वर "अगं, धक्का लागला." लेकीने फोटो दाखवल्यावर "चांगला आलाय" म्हणण्याआधी घेतलेला वेळ. हे सगळं त्यांनी स्वतःच काढून टाकलं होतं. एकेक करून, नीटनेटकं.

त्यांनी सगळ्या फायली पहिल्यापासून टाइप केल्या. जसंच्या तसं. बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी सकाळी त्यांनी ते लेकीला पाठवून दिलं आणि दिवसभर फोनकडे बघायचं टाळलं.

फोन चार दिवसांनी आला.

"मी स्वच्छ मागितलं होतं," लेकीचा आवाज चढलेला होता. मग तो एकदम उतरला. "समोर बसले होते हो मी. दर रविवारी. फोटो काय दाखवत होते!"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काल डॉक्टरांकडे नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन होईल म्हणाले. दुसऱ्याचं काही सांगता येत नाही."

"आणि ते?"

"आधी चिडले माझ्यावर. मग म्हणाले, टाइप करणारं माणूस चांगलं निघालं." लेक हसल्यासारखी झाली आणि नाक ओढत म्हणाली, "एक विचारू? मी परत येण्याआधी बाबा तुम्हाला विचारतात, 'तुमच्या घरी कोण असतं?' त्याच्याखाली तुम्ही लिहिलंय, 'कोणी नाही.' मी तीनदा ऐकलं. रेकॉर्डिंगमध्ये असं काही नाहीये."

"आहे," बाई म्हणाल्या. "विचारून झाल्यावर ते नऊ सेकंद थांबले होते."