चार नंबरचा दिवा

“ताई, हॉलमधून एकदा चालत जा. घाई नको, रोज चालता तशाच.”

सूनबाई चालली. कोपऱ्यातल्या सेन्सरचा लाल दिवा चटकन लागला. फिटरने अशी मान डोलावली, जणू शाळेत त्याच्या लेकीनेच बरोबर उत्तर दिलं असावं.

एकोणीस वर्षं तो घरोघरी चोरांसाठी भोंगे बसवत होता, आणि त्याने बसवलेला एकही भोंगा आजवर उगाच वाजला नव्हता. हे तो पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा, आणि उरलेल्या वेळात आणखी दोनदा. त्याच्या खिशात एक वही होती. तिच्या शेवटच्या पानावर ‘खोटा इशारा’ असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली पान कोरं होतं. लोक पोराबाळांचे फोटो दाखवतात, हा ते कोरं पान दाखवायचा.

“सोमवारपासून मीही कामावर जाणार,” सून म्हणाली. “त्याच दिवशी बाबांना केअर सेंटरमध्ये ठेवतोय. मग घराला दिवसभर कुलूप. म्हणून हा सगळा खटाटोप.”

बाबा म्हणजे तिचे सासरे. अर्धांगाचा झटका आल्यापासून दीड वर्ष मागच्या खोलीत कॉटवर होते. चौथा सेन्सर त्याच खोलीत बसायचा होता. फिटर ड्रिल घेऊन स्टुलावर चढला तेव्हा म्हातारा टक लावून बघत होता.

“याला काय काय दिसतं?” त्याने विचारलं. शब्द जड येत होते, पण कळत होते.

“माणूस हलला की त्याच्या अंगाची ऊब हलते, काका. ती याला कळते. पण खालच्या अर्ध्या भागावर मी पट्टी चिकटवतोय. सोमवारपर्यंत तुम्ही इथे आहात, कूस बदललीत तर भोंगा नको वाजायला.”

“म्हणजे उभा माणूस दिसतो, आडवा दिसत नाही.”

“बरोबर.”

“घरच्यांसारखंच आहे मग.”

दारातली सून कसनुशी हसली. “तोंड तेवढं शाबूत आहे हो बाबांचं. कूस तर आम्हीच बदलतो त्यांची.” तिने पुढे होऊन सासऱ्यांच्या पायांवरची चादर नीट केली.

आता शेवटची चाचणी राहिली. सगळ्यांनी बाहेर थांबायचं, दार लावायचं, वीस मिनिटं एकही दिवा लागता कामा नये. फिटर बाहेरच्या पायरीवर बसला आणि चारही सेन्सरचे दिवे दाखवणारं छोटं पॅनेल त्याने मांडीवर ठेवलं. सून शेजारी उभी राहिली.

सातव्या मिनिटाला चार नंबरचा दिवा लागला.

“पडदा हलला असेल,” फिटर म्हणाला. टूलबॉक्स खडखडवत तो आत गेला. म्हातारा डोळे मिटून पडला होता. फिटरने पडदाच काढून ठेवला, खिडकी लावली, पंखा बंद केला आणि परत आला.

नवव्या मिनिटाला चार नंबर. मिनिटभराने पुन्हा.

“मांजर आहे का घरात?”

“नाही.”

“उंदीर?”

“पट्टीच्या वर दिसायला तो उंदीर केवढा हवा हो, दादा?”

फिटरला हसू आलं नाही. त्याने नवा सेन्सर काढला, पुन्हा खडखडाट करत आत जाऊन जुन्याच्या जागी बसवला, भिंतीवर ऊन येत नाही ना तेही बघितलं. म्हातारा आता मंद घोरत होता. फिटर पायरीवर येऊन बसतो न बसतो तोच चार नंबर लागला. मग विझला. मग लागोपाठ तीनदा लागला.

“जाऊ द्या,” सून म्हणाली. “यंत्र आहे, चुकायचंच कधीतरी.”

हे त्याच्या जिव्हारी लागलं. “यंत्र चुकत नाही, ताई. बसवणारा चुकतो.”

त्याने खिशातून वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. त्याचे कान लाल झाले होते. सुनेला त्याची फार कीव आली.

“अहो, नका लिहू. कोण बघतंय?”

“मी बघतोय ना.”

त्याने तारीख लिहिली. पुढे ‘मागची खोली’ असं लिहिलं. एकोणीस वर्षांचं कोरेपण दीड ओळीत संपलं, आणि त्याला खरोखरच रडू येईल असं वाटलं. वही मिटून तो सेन्सर उतरवायला उठला. पायातले बूट त्याने पायरीपाशीच काढले. टूलबॉक्सही घेतला नाही, नुसता एक स्क्रूड्रायव्हर घेतला. आवाज करत जाण्याइतका ताठा आता त्याच्यात उरला नव्हता.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याने ते बोटाने हलकेच ढकललं.

कॉट रिकामी होती. खोलीच्या मधोमध, कशालाही न धरता, घामाने निथळत, छाती पुढे काढून म्हातारा उभा होता. सेन्सरच्या दिव्यावरची नजर न काढता त्याने डावा पाय पुढे टाकला आणि तो हळूच म्हणाला, “सोळा.”