आसारामचा उजवा हात

यंत्राच्या मुठीत आणखी एक सीताफळ फुटले आणि पांढरा गर पट्ट्यावर ओघळला. धारूरच्या सीताफळ सहकारी संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांच्या नजरा त्या फुटक्या फळावर खिळल्या. दुष्काळाने ऊस वाळला होता, ऊसतोडीची बोलावणी आली नव्हती. डोंगरावरच्या सीताफळांनी तेवढा तग धरला होता. ती न फुटता शहरात पोहोचली, तरच गावाच्या चुली पेटणार होत्या.

आसाराम कोपऱ्यात उभा होता. लकव्याने त्याचा उजवा हात दुबळा आणि थरथरता करून सोडला होता. पिकलेली फळे पेटीत ठेवण्याचे हलके काम संस्थेने त्याला आपुलकीने दिले होते. आता तेच काम यंत्र करणार, म्हणून तो निरोप घ्यावयास आला होता.

"साहेब, ह्याला धरायला शिकवलं कुणी?" अध्यक्षा वत्सलाबाईंनी विचारले.

"तुम्हीच अर्जुनरावांना पुढं केलंत की," यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला.

शिकवणीसाठी एक रबरी फळ होते. माणूस ते जसे धरी, तशीच यंत्राची बोटे मिटत. हा मान गावाने आपल्या सर्वांत बलवान तोडकऱ्यास, उसाची मोळी एकट्याने ट्रकवर चढविणाऱ्या अर्जुनरावास, दिला होता.

"बे अर्जुना, फळ हाय ते, मोळी न्हाई," मागून कोणी म्हणाले. शेडमध्ये हशा पिकला.

वत्सलाबाईंची नजर कोपऱ्याकडे वळली. "आसाराम भावजी, तुमी धरा बरं."

"वैनी, कावून थट्टा करता? माझ्या हातात जोर कुठं हाय?"

"न्हाई म्हणूनच म्हणते."

आसारामने संकोचाने रबरी फळ धरले. तदनंतर यंत्राने खरे फळ उचलले आणि अलगद पेटीत ठेवले. सालीस चीरसुद्धा पडली नाही.

"काका, रोजचं फळ वेगळं पिकलेलं असतं," इंजिनिअर म्हणाला. "रोज सकाळी ह्याला तुमचाच हात दाखवावा लागेल."

आसारामने वत्सलाबाईंना हात जोडले.

इतक्यात यंत्राने दुसरे फळ धरले आणि सर्वांच्या ध्यानात आले, की त्याची रबरी बोटेही थरथरत आहेत.

"तुमची थरथरही उचलली त्यानं," इंजिनिअर सहज म्हणाला. "पण ती काढून टाकता येते."

हेच वाक्य ऐकण्यासाठी आसारामने कैक दवाखान्यांचे उंबरठे झिजविले होते. भरल्या डोळ्यांनी तो हसला.

"काढा साहेब. एका तरी हाताची जाऊ द्या."