मोडका कंगवा

मैत्रिणीने काढलेलं माझं चित्र तिच्या प्रदर्शनात अगदी समोरच लावलं होतं. अर्धा चेहरा ओळखू येत होता, अर्धा रंगात विरघळलेला. ओला रंग मोडक्या कंगव्याने ओढायची ही रीत माझी. आमच्या सामाईक खोलीत मीच तिला दाखवलेली. पुढच्या महिन्यात माझं पहिलं प्रदर्शन होतं, सगळं कंगव्याचंच काम.

"हे सुचलं कसं तुम्हाला?" समीक्षकांनी तिला विचारलं.

"केस विंचरताना!" ती हसली.

हा विनोदही माझाच. तरी वाटलं, आता माझं नाव घेईल.

समीक्षक माझ्याकडे वळले. "तुम्हीही चित्रं काढता?"

मी तोंड उघडायच्या आत तिने मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काढते ना! माझ्याकडेच शिकतेय."