नव्या वर्षाची साक्ष

एक जानेवारीच्या सकाळी भुकूममधल्या छोट्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, “सरत्या वर्षात प्रभूनं तुमच्यासाठी काय केलं, त्याची साक्ष कोण देईल?” एकाला नोकरी लागली होती, एकीचा गुडघा बरा झाला होता. प्रत्येक साक्षीनंतर लोक टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात मागच्या बाकावर बसलेली सुवार्ता उभी राहिली. ती नको नको म्हणत असताना सासूनं, मार्थाबाईंनी, तिला बळंच आणलं होतं. तिनं भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केलं.

“ह्यानं काय केलं ते मी सांगते. एप्रिलात पौड रोडला माझी प्रिस्किल्ला डंपरखाली गेली, तवा हा बघत बसला. एकोणीस वर्षांची पोर. सकाळी ह्याचंच नाव घेऊन घरातनं निघाली व्हती.” तिचा आवाज चढत गेला. “तुला राखता आली न्हाई व्हय रं माझी लेक? का राखायचीच नव्हती? सांग की. आता गप का बसलायस?”

पाळकसाहेब घाईनं खाली उतरले. “ताई, आज आनंदाचा दिवस आहे. तुम्ही बसा, आपण प्रार्थना करू.”

मार्थाबाई त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

“तिला थांबवू नका, पाळकसाहेब. पोरगी गेल्यापास्नं हिनं देवाचं नाव काढलं न्हाई. आज पहिल्यांदा त्याच्याशी बोलतीया.”